मान हलवणारा बूट

दिवेलागणीला जुन्या कातड्याच्या गोदामासमोर रांग लागायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या काखेत एक बूट असायचा. एकच, उजव्या पायाचा. कुणी तो फडक्यात गुंडाळून आणायचं, कुणी कागदात, कुणी तसाच छातीशी धरून. बूट जुने, टाचा झिजलेले, आणि ते घालणारी माणसं जमिनीखाली नाहीतर राखेत.

बूट बनवणाऱ्यांची वस्ती ती. तिथे माणसाचा चेहरा नंतर, पाऊल आधी. टाच बाहेरून झिजली की माणूस घाईचा, आतून झिजली की दमलेला, हे तिथलं शेंबडं पोरही सांगायचं. प्रत्येक घरच्या भिंतीवर फर्मे टांगलेले असत, म्हणजे घरातल्या एकेकाच्या पायाचे लाकडी साचे, ज्यांच्यावर कातडं ओढून बूट शिवायचा. माणूस गेला की त्याचा फर्मा उतरवायचा आणि भट्टीत घालायचा, असा कामाचा रिवाज होता. पण 'माणूस जातो, बूट त्याला विसरत नाही' असंही तिथे सगळे म्हणायचे. त्यामुळे मेलेला माणूस बुटातून बोलतो हे दुसरीकडे कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. इथे कुणी हसलं नाही. इथे लोकांना ते अर्धं आधीपासून पटलेलं होतं. उरलेलं अर्धं पटवायला पाऊलमाई म्हणवून घेणारी एक बाई बाहेरून आली.

त्या संध्याकाळी आप्पा सुनेच्या मागे रांगेत उभे होते. आप्पा म्हणजे वस्तीतले सगळ्यांत जुने फर्मे कोरणारे. त्यांचा एकुलता एक मुलगा मागच्या हिवाळ्यात तापाने गेला. त्याचा फर्मा मात्र भिंतीवर तसाच होता. आप्पा रोज म्हणायचे, उद्या उतरवू.

"आप्पा, तुम्ही नुसते बघा हं," सून मागे वळून म्हणाली. "मध्ये काही बोलू नका. ते बिचकतात."

"तो मला बिचकणार? मी त्याला चालायला शिकवलं."

सून हसली नाही. तिचे डोळे लाल होते आणि ती एका हाताने भिंत धरून चालत होती, हे आप्पांनी पाहिलं, पण गर्दीत ते मनातून निसटलं.

आत खिडक्यांवर काळी कातडी ठोकलेली. जुन्या चामड्याचा वास अजून विटांत मुरलेला. मधोमध एक खुर्ची, खुर्चीपुढे जमिनीवर एक दिवा, आणि मागे चुना मारलेली पांढरी भिंत. दिव्याशेजारी डबा. माई पैसे मागत नसे. ती म्हणे, दिव्याच्या तेलापुरतं काय ते टाका. तो एवढासा दिवा, पण त्या वर्षी तो वस्तीतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त तेल प्यायला.

"हळू या, बाळांनो, हळू," माईची जीभ तेलातून काढल्यासारखी चालायची. "इथे तुमच्याआधी खूप जण येऊन उभे आहेत. कुणाच्या पायावर पाय देऊ नका. मी कोण? मी नुसता उंबरठा. येणारा येतो, जाणारा जातो, उंबरठा झिजतो."

सून खुर्चीवर बसली. माईने तिला उजवा पाय डाव्या पायावर टाकायला लावला, गुडघ्यावर गुडघा, आणि लोंबत्या पायात नवऱ्याचा बूट अडकवला.

"आता पाय सैल सोड. तो पाय तुझा नाही. त्याला उसना दिलास असं समज."

भिंतीवर बुटाची सावली पडली होती, माणसाएवढी. आणि मग त्या सावलीने मान हलवली. हळूच, खाली, वर. पुन्हा खाली, वर. समजूतदार माणूस ऐकून घेताना हलवतो तशी.

मागे कुणाच्या तरी घशातून हुंदका आला.

"विचार," माई म्हणाली. "हलला तर हो. थांबला तर नाही."

सून बुटाकडे बघू लागली. मग म्हणाली, "माझ्यावर रागावलात का?"

माईने मायेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. सावली थांबली.

"नाही म्हणतोय, बाळ."

"मग इथेच आहात?"

माईने हात काढून घेतला, आणि सावली पुन्हा डोलू लागली.

आप्पा बूट नीट बघायला पुढे सरकले. ते काही भोळे नव्हते. हातचलाखी शोधायलाच आले होते. पण उभी हयात त्यांनी पाय पाहिले होते. मुद्दाम पाय हलवणारा माणूस घोट्यातून हलवतो. इथे घोटा मेल्यासारखा पडला होता. पोरगी फसवत नव्हती. बुटाला दोरी नव्हती, वारा नव्हता. तरी बूट हलत होता. ज्याला पायातलं काही कळत नाही असा माणूस म्हणाला असता, बाई पाय हलवतेय, आणि घरी जाऊन झोपला असता. आप्पांना कळत होतं, म्हणूनच ते फसले.

घरी येताना सून बूट छातीशी धरून पुढे चालत होती. सुनेला नवऱ्याला काय विचारायचं होतं हे आप्पांना ठाऊक होतं. ती बुटांच्या वरच्या कातड्याची शिलाई करायची. तो तापाने पडला होता त्या सकाळी ती यंत्रावर बसली होती, नवरा अंथरुणातून पाणी मागत होता, आणि शिवण अर्धी असल्यामुळे ती म्हणाली होती, "हात नाहीत का तुम्हाला?" साधा ताप आहे असंच सगळ्यांना वाटलं होतं. संध्याकाळी त्याची शुद्ध गेली. तिच्या तोंडून त्याने ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याचं रीळ शोधताना आप्पांना यंत्राच्या खणात गोळ्या सापडल्या. वस्तीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला दिलेल्या, रक्तदाबाच्या. पाकीट भरलेलं.

"पोरी, हे काय?"

"घेते मी."

"घेतेस तर संपत का नाहीत? खण काय पिल्लं देतो का?"

सुनेने यंत्र थांबवलं. "आप्पा, गोळी घेतली की ते दूर जातात. मी स्वतः पाहिलंय. गोळ्या चालू होत्या तेव्हा बूट जेमतेम हलायचा. माई म्हणाली, ही गोळी रक्त गार करते, गार रक्तावर तो पाय कसा ठेवणार? सोडल्या, आणि आता बघितलंत ना तुम्ही? रोज जास्त जोरात हलतो. रोज जवळ येतात."

"तुझं डोकं दुखतं. डोळ्यांपुढे अंधारी येते."

"येऊ दे."

"डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, गोळी सोडली तर—"

"आप्पा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्हाला तुमचा मुलगा नकोय का?"

आप्पांनी पाकीट खणात परत ठेवलं. ते उठून मागच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

भर दुपार होती. बाहेर हातोड्यांचे आवाज चालू होते. आप्पांनी फळीवरून मुलाचा डावा बूट काढला, जो कधी गोदामात जात नसे, पायात चढवला, आणि डावा पाय उजव्यावर टाकून भिंतीला टेकून बसले. पाय सैल सोडला.

थोडा वेळ काही नाही. मग बुटाच्या टोकाने मान हलवली.

"बाळा?" आप्पा म्हणाले.

बूट हो म्हणाला.

आप्पा दुपारभर त्याच्याशी बोलले. भट्टीचं सांगितलं, कातड्याच्या भावाचं सांगितलं, आईची आठवण काढली. बूट प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता. लहानपणी याच मुलाने बापाच्या एका गोष्टीला कधी सरळ हो म्हटलं नव्हतं. ही गोष्ट आप्पांना खटकली, पण खटका त्यांनी गिळला. तहानलेला माणूस पाणी गाळत बसत नाही.

शेवटी बूट चावायला लागला. मुलाचं पाऊल बापापेक्षा अरुंद होतं. आप्पांनी बसल्या जागी वाकून बूट काढला आणि पाय पुन्हा तसाच लोंबता सोडला, दमल्यामुळे, काही मनात न आणता. आणि पाहतात तो अनवाणी पायाचा अंगठा मान हलवत होता. तीच चाल. तोच होकार.

आप्पांनी अंगठा मुठीत धरला आणि सोडला, तरी तो हलतच राहिला. पहिल्यांदा वाटलं, आता तो बुटातून आपल्या अंगात आला. मग मागून दुसरा विचार आला, कोपऱ्यातून मांजर यावं तसा: बूट लागतच नसेल तर बूट होता कशाला?

तेवढ्यात दारावर थाप पडली. चिकट्या आला होता. हा तळ डकवणारा कारागीर. सरसाने बोटं चिकट, म्हणून नाव चिकट्या. जीभ मात्र कुठेच अडकायची नाही.

"आप्पा, माझा बूट झाला का? एका पायात बूट, एका पायात वहाण. पोरं विचारतात, काका, अर्धे कुठे निघालात?"

आप्पांनी त्याचा तयार बूट उचलला, पण त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच्या पायात घातला आणि बसले.

"अहो, माझा आहे तो."

"गप्प बैस. बघ."

दोघे पाहत राहिले. चिकट्याच्या बुटाने चिकट्यासमोर मान हलवली.

चिकट्याने आधी बुटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे. "आप्पा," तो हळूच म्हणाला, "मी गेलो की काय? घरी मला कुणीच काही सांगत नाही."

आप्पा चिकट्याला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांना पायावर पाय टाकून बसवलं, त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, आणि डोळे मिटून प्रत्येक ठोक्याला "हं" म्हणू लागल्या. हं. हं. हं. प्रत्येक "हं"बरोबर अंगठा डोलत होता. एकही चुकला नाही.

"हे तुमचं काळीज आहे, आप्पा," त्या म्हणाल्या. "काळीज रक्ताला धक्का देतं. रक्त स्वतः फार पळत नाही, पण धक्का पळतो. गच्च गर्दीच्या रांगेत मागच्याने ढकललं तर पुढच्याला लगेच बसतं ना, मागचा जागचा हललेला नसतो तरी? तसा. तो धक्का अंगभर नळ्यांतून धावतो. गुडघ्याच्या मागे मोठी नळी आहे. पायावर पाय टाकला की ती तिथे वाकते आणि दबते. वाकलेल्या रबरी नळीत पाणी जोराने सोडलं तर नळी काय करते?"

"सरळ व्हायला बघते," चिकट्या म्हणाला.

"तेच. प्रत्येक धक्क्याला गुडघा केसभर उघडतो. पण गुडघ्यापासून बुटाचं टोक केवढं लांब. तिकडे केसभराचं बोटभर होतं. आणि दिवा जमिनीवर ठेवला की भिंतीवर बोटभराचं हातभर होतं."

"पण मग तो थांबतो कसा?" आप्पांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना दिसलं. गुडघ्यावर मायेने ठेवलेला हात. "ती गुडघा सरकवते. नळीवरचा भार काढते."

"जरासा उचलला तरी पुरे."

आप्पा पायाकडे बघत राहिले. अंगठा हो हो म्हणत होता.

"म्हणजे तो नव्हताच," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनगटावरची बोटं काढून घेतली. "नाही, आप्पा. नव्हता."

दवाखान्याच्या खिडकीतून बाहेरची माणसं जाता येताना दिसत होती. आप्पांना वाटलं, मुलगा हिवाळ्यात गेला तेव्हा निदान भोवती माणसं होती. आज तो पुन्हा गेला आणि कुणाला पत्ताही नाही.

मग ते म्हणाले, "सुनेचा बूट माझ्यापेक्षा फार जोरात हलतो. गोळ्या सोडल्यापासून."

डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. "गोळ्या सोडल्यात?"

"सांगून ऐकायची नाही ती. तिच्यासमोर दाखवावं लागेल," आप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी रांगेत आप्पांच्या काखेत बूट होता, आणि त्यांच्यामागे शालीत तोंड झाकून चिकट्या. सून आधीच आत, भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टरीणबाई आपली पिशवी घेऊन दाराशी थांबल्या.

"कुणाला बोलवायचं, बाळ?" माईने विचारलं. आप्पा तिच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठे असतील.

"माझ्याबरोबर काम करणारा होता एक."

बूट पायात गेला, सावली भिंतीवर चढली आणि डोलू लागली. माईने डोळे मिटले.

"आला. गरीब स्वभावाचा माणूस. उभ्या जन्मात कुणाला वाकडा शब्द बोलला नाही." मागे कुणीतरी खोकलं. "म्हणतोय, मी सुखात आहे. इथे शांतता आहे. बायकोला सांगा, रडू नकोस."

"सांगतो," शाल बाजूला करत चिकट्या म्हणाला. "पण ती रडत नाही, माई. भांडी आपटतेय. मी सकाळपासून घरी गेलो नाही म्हणून."

हशा पिकला. पण माई कच्ची नव्हती. हशा ओसरेपर्यंत ती थांबली.

"जिवंत माणसाचाही अंश बुटात असतो," ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं?"

काहींनी माना हलवल्या. चिकट्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सावली अजून भिंतीवर होय होय करत होती आणि ती पाहताना नुकतं हसलेलं माणूसही पुन्हा भ्यायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "मग बूट काढा."

आप्पांनी बूट काढला. अंगठ्याची सावली डोलतच राहिली.

"आता तो अंगात उतरला," माई म्हणाली, पण तिचा आवाज जरा उंच गेला होता.

"असेल. मग हा पट्टा त्याला अडवतो का बघू." बाईंनी पिशवीतून रक्तदाब मोजायचा रुंद पट्टा काढला आणि आप्पांच्या मांडीला गुंडाळला. रबरी फुगा दाबू लागल्या. पट्टा फुगत गेला. भिंतीवरची सावली मंदावली, लहान झाली, आणि थांबली. बाईंनी हवा सोडली. फुस्स असा आवाज झाला आणि सावली पुन्हा मान हलवू लागली.

"मेलेल्या माणसाला मांडीवरच्या पट्ट्याने काय होणार?" बाई म्हणाल्या. "पट्ट्याने रक्ताचा धक्का थांबतो. कुणीही येऊन बसा, कुणाचाही बूट घाला. मनगटावर बोट ठेवा आणि सावलीकडे बघा."

एक म्हातारी येऊन बसली. मग एक तरुण, जो मुद्दाम बाहेर धावून आला होता. त्याची सावली सुतारपक्ष्यासारखी टोचे मारत होती. लोक एकमेकांची मनगटं धरून पुटपुटू लागले. हं. हं. हं. अख्खं गोदाम हळूहळू त्याच एका शब्दाने भरून गेलं. माई दिव्याशेजारचा डबा उचलून मागच्या दाराने कधी गेली, ते कुणी पाहिलं नाही.

सून मात्र जागची हलली नव्हती. "माझा बघा," ती म्हणाली. "माझा तसा नाही. माझ्यात खरंच ते येतात."

ती बसली. नवऱ्याचा बूट तिने स्वतःच घातला. आणि सावली अशी उसळली की पुढची माणसं मागे सरली. नुसती डोलत नव्हती. भिंतीवर कुणी मुठी मारावी तशी हलत होती.

"बघितलंत?" सून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला दुसरा पट्टा बांधला, काटा वाचला, आणि तो पुन्हा एकदा तपासला.

"पोरी, हा तुला बोलावणाऱ्याचा जोर नाही. तुझ्या नळ्यांवर पडणारा मार आहे. गोळ्या हाच मार कमी करत होत्या. बूट जितका जोरात हलतो तितकी तुझ्या डोक्यातली एखादी बारीक नळी फुटायच्या जवळ आहे. तो जवळ येत नव्हता. तूच आमच्यापासून लांब चालली होतीस."

सुनेने बुटाकडे पाहिलं. "मग ते काहीच म्हणाले नाहीत? रागावलोय, नाही रागावलोय, काहीच?"

आप्पा गुडघे टेकून तिच्यासमोर बसले, आयुष्यभर गिऱ्हाइकासमोर बसले तसे.

"तो काही म्हणाला नाही, पोरी. मेलेलं माणूस बोलत नाही. पण मी त्याचा बाप आहे, मी सांगतो. लहानपणी पाणी मागितलं की मी त्याला हेच म्हणायचो, हात नाहीत का तुला. आणि तो दोन्ही हात पाठीमागे लपवून म्हणायचा, नाहीत. रोज. त्या वाक्याला तो रागावला असता तर माझ्या घरात एक दिवस राहिला नसता."

सून रडली. पहिल्यांदा दिव्यापुढे नाही, माणसांपुढे. मग बूट तिने स्वतःच पायातून काढला. डॉक्टरीणबाईंनी तिला त्याच पावली दवाखान्यात नेलं आणि काटा खाली येईपर्यंत घरी सोडलं नाही.

पाऊलमाई पुन्हा दिसली नाही. पुढे कुठेतरी तिने दिवा लावलाच असेल. त्या संध्याकाळच्या गडबडीत गोदामात राहिलेले उजवे बूट लोकांनी ओळखून ओळखून घरी नेले आणि डाव्यांशेजारी ठेवले.

सून परत आल्यावर आप्पांनी मुलाचा फर्मा उतरवला. भट्टीत घालण्याआधी दोघांनी तो आळीपाळीने हातात धरला. चांगलं जुनं लाकूड होतं, पेटायला वेळ लागला.

मग आप्पा म्हणाले, "पाय इकडे कर. तुझे बूट फाटलेत, कधीपासून बघतोय." त्यांनी तिचं पाऊल मांडीवर घेतलं, माप घ्यायला अंगठा पावलाच्या पाठीवर टेकवला, आणि थांबले. तिथे, कातडीखाली, काहीतरी ठोके देत होतं. शांत, संथ. हजारो पावलं त्यांनी अशी धरली होती. हा ठोका दर वेळी अंगठ्याखाली असणार. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं की हे काय आहे.

"काय झालं, आप्पा?"

"काही नाही. गोळी घेतलीस?"

"घेतली."

"कळतंय मला."

अजूनही कधी संध्याकाळी काम संपल्यावर आप्पा पायावर पाय टाकून बसतात आणि अंगठा मान हलवू लागतो. खोलीत अंधार उतरत असतो, आणि एक क्षण, एकच, त्यांचं मन पुन्हा हाक मारायला धावतं. मग ते मनगटावर बोट ठेवतात.

तुम्हालाही कधी कुणी गेलेल्या माणसाचा होकार दाखवील. गेलेलं माणूस आपल्याला इतकं हवं असतं की आपण भिंतीच्या सावलीलाही हो म्हणू. रडा, आठवण काढा, त्यात लाज नाही. पण विश्वास ठेवण्याआधी एवढं करा: दिवा उंच धरा, बूट काढून बघा, आणि आधी आपली नाडी तपासा. होकार देणारं बहुतेक वेळा आपल्याच छातीत असतं, आणि त्याला जपायचं असतं.